एजेरियाची यात्रा : स्थळे आणि माणसे

पवित्र भूमीला जाऊन यावे आणि तेथील वृत्तान्त मागे राहिलेल्यांसाठी लिहून ठेवावा, ही ख्रिस्तसभेतील परंपरा सोळा शतकांहून जुनी आहे. या परंपरेच्या आरंभकाळातील जे एक पुस्तक आपल्यापर्यंत पोहोचले आहे, त्याला पहिले पान नाही आणि शेवटचेही नाही. मधली काही पाने गळालेली आहेत. लेखकाचे नाव कोठेही आढळत नाही. इटलीतील आरेझ्झो या गावी एका धर्मबंधुसंघाच्या ग्रंथालयात १८८४ साली जियान फ्रान्चेस्को गामुर्रिनी या विद्वानाला एक हस्तलिखित सापडले. मॉन्ते कॅसिनोच्या मठात अकराव्या शतकात केलेली ती नक्कल होती. तिच्यात संत हिलरी यांच्या लेखनासोबत हे अनाम प्रवासवर्णनही बांधले गेले होते. लिहिणारी स्त्री आहे हे उघड होते. ती कोण, याविषयी गामुर्रिनी यांनी बांधलेला तर्क मात्र पुढे टिकला नाही. १९०३ मध्ये फेरोतां या फ्रेंच अभ्यासकाने वालेरियस या सातव्या शतकातील स्पॅनिश साधूच्या एका पत्राकडे लक्ष वेधले. पश्चिम महासागराच्या किनाऱ्यावरून निघून पूर्वेची तीर्थे पायाखाली घालणाऱ्या एका धाडसी स्त्रीची स्तुती त्या साधूने आपल्या मठबंधूंपुढे केली होती. त्या पत्रावरून आपल्या लेखिकेला नाव मिळाले : एजेरिया. तिच्या यात्रेचा काळ बहुतेक अभ्यासक इसवी सन ३८१ ते ३८४ असा मानतात.

हे पुस्तक मूळचे एक लांबलचक पत्र आहे. दूर मायदेशी राहिलेल्या आपल्या भगिनींना एजेरिया ते लिहिते आहे, आणि त्यांना ती इतक्या लाडाने हाक मारते की त्या तिच्या घरच्या माणसांसारख्याच असाव्यात असे वाटत राहते. तिची लॅटिन भाषा सिसेरोची नव्हे. सेमिनरीत आम्हाला जे लॅटिन शिकवले गेले त्याच्या चौकटीत तिची वाक्ये बसत नाहीत. ती बोलीभाषेतील लॅटिन लिहिते, एकच विशेषण वीस वेळा वापरते, ‘म्हणजे’ ‘म्हणजे’ करीत वाक्य लांबवते आणि सांगितलेले पुन्हा सांगते. व्याकरणाच्या पंडितांनी यावरून नाके मुरडली आहेत. मला मात्र या पुनरुक्तीत दूरच्या माणसाला आपण पाहिलेले नीट दिसावे ही धडपड दिसते. गावाकडची आजी लग्नाहून परतल्यावर हकिकत सांगताना असेच करते.

आधुनिक आवृत्त्यांत या पुस्तकाची ४९ प्रकरणे पाडलेली आहेत. पहिल्या २३ प्रकरणांत प्रवास आहे, आणि उरलेल्या भागात जेरुसलेम येथील ख्रिस्तसभेच्या वर्षभराच्या उपासनेचे वर्णन आहे. सर्वसाधारण वाचक पूर्वार्धावर लुब्ध होतो. उत्तरार्ध धर्मविधींच्या इतिहासकारांसाठी सोडून दिला जातो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. एजेरियाचे खरे प्रवासवर्णन उत्तरार्धात आहे असे मी मानतो, आणि ते मत वाचकांपुढे ठेवण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

प्रथम पूर्वार्धाचे जे श्रेय आहे ते त्याला दिले पाहिजे. उपलब्ध मजकूर सुरू होतो तो सिनाय पर्वताच्या पायथ्याशी. समोरच्या दरीची लांबी सुमारे १६ मैल आणि रुंदी ४ मैल असावी, असा अंदाज ती देते. शनिवारी संध्याकाळी ती पायथ्याच्या साधूंकडे मुक्कामाला येते आणि रविवारी पहाटे चढू लागते. डोंगराला वळसे घालीत हळूहळू वर जाण्याची सोय नाही, भिंत चढावी तसे सरळ वर जावे लागते, आणि जनावरावर बसून जाणे अशक्य, असे ती सांगते. सकाळी दहाच्या सुमारास ती शिखरावर पोहोचते. तेथे एक लहानसे मंदिर आहे. त्याची राखण करणारा वृद्ध साधू पुढे येतो, मोशेच्या ग्रंथातला त्या जागेचा उतारा तेथेच वाचला जातो, मिस्सा होते, आणि निघताना साधू डोंगरावर पिकलेली फळे प्रसाद म्हणून हातावर ठेवतात. आज तेथे दिसणारा संत कॅथरिनचा तटबंदीचा मठ सम्राट जस्टिनियनच्या काळातला, म्हणजे सहाव्या शतकातला आहे. एजेरिया गेली तेव्हा तो नव्हता. झुडूप होते, त्याच्यासमोर बाग होती, आणि ते अजून जिवंत असून त्याला पालवी फुटते असे ती लिहिते.

जागेवर पोहोचणे, प्रार्थना करणे, त्या जागेचा शास्त्रपाठ वाचणे, त्याला साजेसे स्तोत्र म्हणणे आणि पुन्हा प्रार्थना करणे, ही तिची पद्धत सर्वत्र सारखी आहे. आमची ही नेहमीचीच रीत, असे ती स्वतःच एके ठिकाणी नोंदवते. म्हणजे ग्रंथ हातात घेऊन भूमी पाहणे. मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक १८६७ मध्ये या देशात हिंडला. १८६९ च्या ‘द इनोसंट्स अब्रॉड’ या पुस्तकात त्याने आपल्या सहप्रवाशांची याच कारणासाठी टर उडवली आहे. ही मंडळी ताबोर पाहून काय म्हणतील आणि नाझरेथ पाहून काय म्हणतील हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, कारण त्यांनी सोबत आणलेल्या पुस्तकांतूनच ती आपल्या भावना उसन्या घेणार, असा त्याचा टोमणा होता. टोमणा खोटा नाही. आपल्याकडच्या कित्येक प्रवासवृत्तांना तो लागू पडेल.

एजेरियाला तो लागू पडतो का? काही अंशी पडतो. सिनायच्या शिखरावरून आपल्याला इजिप्त, पॅलेस्टाईन, तांबडा समुद्र आणि थेट अलेक्झांड्रियाकडे जाणारा समुद्रही दिसला असे ती लिहिते. सुमारे २,२८५ मीटर उंचीवरून भूमध्य समुद्र दिसत नाही. साधूंनी दिशा दाखवल्या आणि तिने समुद्र पाहिला, असेच म्हणावे लागते. परंतु याच लेखिकेने नबो पर्वतावर जे केले ते विसरता येत नाही. तेथून लोटाच्या बायकोचा मिठाचा खांब दिसतो अशी प्रसिद्धी होती. यात्रेकरू तो पाहायलाच येत. एजेरियाने पाहिले, आणि आपल्या भगिनींना स्पष्ट कळवले की खांब दिसला नाही, दिसली ती फक्त जागा, आणि याबाबतीत तुम्हाला मी फसवू शकत नाही. सोअरच्या बिशपांनीही तिला सांगितले होते की गेली काही वर्षे तो खांब दिसेनासा झाला आहे. एवढ्या दुरून गेलेल्या यात्रेकरूने ‘दिसले नाही’ असे लिहायला काय लागते, हे ज्यांनी तीर्थयात्रेवरून परतलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना सांगायला नको. जे दाखवले ते सर्व पाहिले असेच म्हणण्याचा आपला कल असतो, कारण पैसे खर्च झालेले असतात आणि घरची माणसे वाट पाहत असतात. नबोवरच्या त्या चार ओळींमुळे एजेरियाच्या इतर शेकडो ओळींवर माझा विश्वास बसतो.

(त्याच नबोवरून तिने मृत समुद्र न्याहाळला. आज तेथे उभे राहणाऱ्याला तो तेवढा दिसणार नाही. यार्देनचे आणि तिच्या उपनद्यांचे पाणी विसाव्या शतकात कालव्यांनी आणि नळांनी वळवले गेले. इस्राएलची राष्ट्रीय जलवाहिनी १९६४ मध्ये सुरू झाली. किनाऱ्यावरच्या खनिज कारखान्यांनीही पाणी आटवले. गेली काही दशके मृत समुद्राची पातळी दरवर्षी सुमारे एक मीटरने खाली जात आहे. यार्देनचे पाणी बाटलीत भरून आणणाऱ्या आपल्या भाविकांनी ती नदी खालच्या अंगाला किती बारीक झाली आहे तेही पाहून यावे.)

पुढे ती एदेस्सा येथे जाते. आपल्या दृष्टीने हा मुक्काम महत्त्वाचा आहे, कारण तेथे संत थॉमस यांच्या पवित्र अवशेषांचे मंदिर होते, आणि ते अवशेष भारतातून तेथे नेले गेले अशी त्या काळच्या सिरियाक ख्रिस्तसभेची परंपरा होती. जगाच्या पश्चिम टोकाची ही स्त्री आपल्या प्रेषिताच्या कबरीपाशी प्रार्थना करीत थांबली. तेथून हारानला गेल्यावर तेथे थोडे धर्मगुरू व साधू सोडले तर एकही ख्रिस्ती माणूस नाही, सगळे गाव मूर्तिपूजक आहे, असे ती नोंदवते. आणखी पुढे, निसिबिसच्या बाजूला तिला जायचे होते. तेथील बिशपांनी तिला सांगितले की आता तो मुलूख पर्शियनांच्या ताब्यात आहे, रोमन प्रजेला तिकडे प्रवेश नाही. सम्राट ज्युलियनच्या मोहिमेच्या पराभवानंतर ३६३ मध्ये निसिबिस हातचे गेले होते. पवित्र इतिहासाच्या भूमीवर राजकारणाने ओढलेली रेघ या पुस्तकात अशी एका वाक्यात येते आणि जाते. एजेरिया त्यावर भाष्य करीत नाही. तिने करायला हवे होते.

येथे तिच्या उणिवांकडे वळावे लागते. तीन वर्षांच्या मुक्कामात शेकडो माणसे तिला भेटली. बिशपांनी तिला लेक म्हणून वागवले, साधूंनी वाट दाखवली, रोमन शिपायांनी धोक्याच्या रस्त्यावर सोबत केली. या सर्वांपैकी एकाच समकालीन व्यक्तीचे नाव ती लिहिते. ती व्यक्ती म्हणजे मार्थाना ही डीकनेस. जेरुसलेमला ओळख झालेली ही मैत्रीण सेल्युकिया येथील संत थेक्लाच्या स्थानी तिला पुन्हा भेटते आणि दोघींना आनंद होतो. ही भेट वाचताना पुस्तक क्षणभर उबदार होते. एरवी पूर्वार्धात माणसे आहेत ती स्थळे दाखवण्यापुरती. त्या देशात राहणाऱ्या ज्यूंविषयी, ज्यांचा ग्रंथ ती प्रत्येक डोंगरावर उघडून वाचते त्यांच्याविषयी, ती जवळजवळ काहीच बोलत नाही. शेतात कोण राबत होते, विहिरीवर कोण पाणी भरत होते, हेही कळत नाही. तिच्या अर्धशतक आधी, ३३३ मध्ये, बोर्दो येथून आलेल्या एका अनाम यात्रेकरूने मुक्कामांची आणि अंतरांची यादीच लिहून ठेवली आहे. आपल्या मराठीत महानुभावांची ‘स्थानपोथी’ आहे. श्रीचक्रधरस्वामींचे वास्तव्य जेथे जेथे झाले त्या जागांची ती नोंदवही. अशा ग्रंथांची निष्ठा मोठी असते आणि त्यांचे ऐतिहासिक मोलही मोठे असते, पण त्यांत भूमी ही गतकाळाची पेटी होऊन बसते. एजेरियाचा पूर्वार्ध या यादीच्या पुष्कळ पुढे गेलेला आहे, तरी त्याच जातीचा आहे.

उत्तरार्धात ती एका जागी थांबते. मला वाटते, तेथेच सगळा फरक पडतो. प्रवासी थांबला की त्याला माणसे दिसू लागतात.

जेरुसलेमच्या पुनरुत्थान मंदिरात कोंबडा आरवण्यापूर्वी दारे उघडतात, आणि साधू, व्रतस्थ भगिनी व साधे प्रापंचिकही आत येतात. संध्याकाळचे दिवे बाहेरून आणत नाहीत. कबरीच्या गुहेत रात्रंदिवस तेवणाऱ्या दिव्यावरून ते लावले जातात. रविवारी पहाटे धूपपात्रे आत नेली जातात, मंदिर सुगंधाने भरते, बिशप पुनरुत्थानाचे शुभवर्तमान वाचू लागतात आणि सारा समुदाय हुंदके देतो. हे सर्व एजेरिया ज्या बारकाईने लिहिते ती बारकाई सिनायवरही दिसत नाही. तिला एका गोष्टीचे नवल वाटत राहते आणि ती ते पुन्हा पुन्हा सांगते : येथे प्रत्येक स्तोत्र, प्रत्येक वाचन त्या दिवसाला आणि त्या जागेला जुळणारे असते.

पवित्र सप्ताहाची प्रकरणे तर आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने वाचावीत अशी आहेत. झावळ्यांच्या रविवारी दुपारी सगळे गाव जैतून पर्वतावर जमते. संध्याकाळी बिशपांना मध्ये घेऊन लोक पायी शहराकडे उतरतात. हातात खजुरीच्या आणि जैतुनाच्या फांद्या असतात. चालता न येणारी तान्ही मुले आईबापांच्या मानेवर बसलेली असतात आणि त्यांच्याही हातात फांद्या असतात. मिरवणूक अगदी सावकाश चालते, कारण तिच्यातल्या वयस्क स्त्रियांना व पुरुषांना थकवा येऊ नये. म्हणून मंदिरात पोहोचायला उशीर होतो. पवित्र गुरुवारच्या रात्री उपासांनी आणि जागरणांनी थकलेले लोक गेथशेमनीकडे उतरतात तेव्हाही हीच मंद चाल. दोनशेहून अधिक मेणबत्त्या वाट उजळतात. येशूला धरून नेल्याचा उतारा वाचला जातो, आणि आक्रोश इतका होतो की तो शहरापर्यंत ऐकू जावा. शहराच्या वेशीशी पोहोचताना समोरच्याचा चेहरा ओळखू येण्याइतपत उजाडलेले असते. मग बिशप लोकांना धीर देतात, घरी जाऊन थोडे टेका म्हणतात आणि पुन्हा यायला सांगतात. रात्रभर चाललेल्या भाविकांना घटकाभर विसावा देण्याची ही आठवण मला धर्मगुरू म्हणून फार मोलाची वाटते.

गुड फ्रायडेच्या दिवशी क्रुसाचे पवित्र लाकूड मेजावर ठेवले जाते. त्याची दोन्ही टोके बिशप स्वतः धरून बसतात आणि भोवती डीकन पहारा देतात. लोक एकेक करून वाकतात, कपाळ आणि डोळे टेकवतात, चुंबन घेतात; हात मात्र कोणी लावायचा नाही. पहारा कशासाठी? पूर्वी म्हणे कोणी चुंबन घेता घेता लाकडाचा तुकडा दाताने तोडून पळवला होता. हे सांगताना एजेरिया कोणाला नावे ठेवत नाही. मग दुपारी बारा ते तीन, पाऊस असो की ऊन असो, उघड्या अंगणात उभ्या राहिलेल्या समुदायाला दुःखसहनाची वाचने ऐकवली जातात. श्रद्धा आणि हावरेपणा एकाच रांगेत उभे असतात, हे तिने लपवले नाही. मिठाच्या खांबाविषयी खरे सांगणारी हीच ती लेखिका.

याहून मोलाचा मजकूर स्नानसंस्काराच्या उमेदवारांविषयी आहे. नाव नोंदवताना बिशप प्रत्येकाच्या शेजाऱ्यांना विचारतात : हा आईबापांना मान देतो का? दारूडा तर नाही ना? मग उपवासकाळात रोज तीन तास शिकवणी चालते. बिशपांना सिरियाक येते, तरी ते ग्रीकमध्येच बोलतात. एक धर्मगुरू त्याचे सिरियाक करून सांगतो. ज्यांना ग्रीकही कळत नाही आणि सिरियाकही, त्या लॅटिन भाषिकांनी खंती होऊ नये म्हणून दोन्ही भाषा जाणणारे बंधू आणि भगिनी त्यांना समजावून देतात. त्या भाषिकांत एजेरिया स्वतः होती. परक्या देशात कोणीतरी शेजारी बसून आपल्या भाषेत अर्थ सांगितला, याचे मोल तिला कळले म्हणूनच ही नोंद झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ज्यांनी लॅटिन मिस्सा मराठीत येताना पाहिली, त्या आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना हा परिच्छेद वाचून दाखवावा.

आणि आपल्या धर्मग्रामांत झावळ्या घेऊन निघणारी मिरवणूक, गुरुवारच्या रात्रीचे जागरण, शुक्रवारी क्रुसाचे चुंबन, यांची मुळे याच चौथ्या शतकातल्या जेरुसलेमच्या रस्त्यांत आहेत. एजेरियासारखे यात्रेकरू हे विधी मनात साठवून मायदेशी परतले आणि डोंगर, गुहा, वेशी नसलेल्या गावांतही ते रुजले. वसईच्या शेतांमधून जाणारी झावळ्यांची मिरवणूक ही एका अर्थी तिच्याच पत्राची पोच आहे.

तिच्या काळातच यात्रेवर शंका घेणारे होते. न्यिसाचे संत ग्रेगरी जेरुसलेमला जाऊन आले आणि तेथील दुराचार पाहून त्यांनी लिहिले की देवाजवळ येण्यासाठी जागा बदलावी लागत नाही. बेथलेहेमात राहणाऱ्या संत जेरोम यांनीही एका पत्रात बजावले आहे की स्वर्गाचे दार ब्रिटनमधूनही तेवढेच जवळ आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्यांच्या युक्तिवादात एका गोष्टीचा विचार नाही : त्या भूमीवर राहणाऱ्या ख्रिस्ती माणसांना कोणीतरी भेटायला यावे, ही त्यांची गरज असते.

आज ही गरज तीव्र आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेथलेहेम गावात ख्रिस्ती बहुसंख्य होते. आता ते अल्पसंख्य आहेत, आणि अनेक कुटुंबे परदेशी निघून गेली आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटल्यावर यात्रेकरूंचा ओघ आटला. त्या वर्षी बेथलेहेमात नाताळचा जाहीर उत्सव झाला नाही. जैतुनाच्या लाकडावर कोरीवकाम करून पोट भरणाऱ्या घरांची उलाढाल थांबली. आपल्या देव्हाऱ्यात त्यांच्या हातची रोझरी असते. ती कोणी कोरली हे आपण विचारलेले नसते. आपल्याकडे छापली जाणारी बरीचशी ‘होली लँड’ वर्णने मी वाचली आहेत. दहा दिवसांत किती स्थळे झाली याचा त्यांत हिशेब असतो, हॉटेलातल्या न्याहारीचे वर्णन असते, आणि स्थानिक धर्मग्रामात एखादी मिस्सा ऐकल्याचा, तेथील एखाद्या कुटुंबाशी बोलल्याचा उल्लेख शोधून सापडत नाही. याला सन्मान्य अपवाद आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या पुस्तकाला ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ हे नाव दिले. ‘यात्रा’ या शब्दाला ‘संघर्ष’ जोडताच लेखकाला स्थळांबरोबर तेथील माणसांचाही हिशेब द्यावा लागतो.

ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांच्यासाठी जॉन विल्किन्सन यांचे १९७१ चे भाषांतर नकाशे व टिपांसह आहे. माझी शिफारस एवढीच की चोविसाव्या प्रकरणापासून सुरुवात करावी, उपवासकाळात थोडे थोडे वाचावे, आणि सिनायची चढण मागाहून चढावी. शेवटचे प्रकरण मंदिराच्या अर्पणदिनाच्या सणाचे आहे. पहिल्या दोन दिवशी लोक कोठे जमतात, तिसऱ्या दिवशी कोठे, हे सांगून एजेरिया चौथ्या दिवसाकडे वळते, आणि तेथे हस्तलिखित तुटते.